घरात आजारपण, कुत्रा बिथरलेला: पैसे कशावर घालायचे?

घरातल्या कुणाला रात्री-अपरात्री हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं की फाइल आठवते, मेडिक्लेमचं कार्ड आठवतं, चार्जर आणि पाण्याची बाटलीसुद्धा आठवते. कुत्रा आठवतो दुसऱ्या दिवशी दुपारी, शेजारच्या काकूंचा फोन आल्यावर: ‘अहो, सकाळपासून ओरडतोय, दार खरवडतोय.’ मग आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर बोर्डिंग शोधलं जातं. जे पहिलं फोन उचलेल ते ठरतं. सांगेल तो दर मान्य होतो.

सगळ्यात महाग पडते ती ही घाई. खाली दिलेले आकडे पुण्या-मुंबईतल्या खाजगी सेवांचे ढोबळ अंदाज आहेत. सातारा, सांगली, नाशिकला ते बरेच खाली येतात आणि दक्षिण मुंबईत बरेच वर जातात, तेव्हा भाव विचारूनच पुढे जा. पण पैसे कोणत्या क्रमाने घालायचे याबद्दल माझं मत ठाम आहे. आधी डॉक्टर, मग घरी येणारं माणूस, मग औषध, बोर्डिंग त्यानंतर आणि दुकानातल्या वस्तू अगदी शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा लागतो.

कुत्र्याला आजारपण कळत नाही, पण बदललेलं घर कळतं. सकाळी सहाला फिरायला नेणारे आजोबा दिसत नाहीत. दाराची बेल दिवसातून दहादा वाजते. येणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांना स्पिरिटचा वास असतो. जेवण कधी सातला, कधी अकराला. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांमधलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं होतं. जिच्यात ते दीर्घकाळ चढं होतं, तिच्या कुत्र्यातही ते चढं निघालं. तेव्हा ‘त्याला काय कळतंय’ हे वाक्य आता बाजूला ठेवायला हरकत नाही.

भुंकणं हे लक्षण सगळ्यांना दिसतं, कारण त्याची तक्रार सोसायटीच्या ग्रुपवर येते. बाकीची लक्षणं नजरेतून सुटतात. झोप आलेली नसताना जांभया देणं, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, पंखा चालू असताना धापा टाकणं. एकच पंजा इतका चाटायचा की तिथले केस तांबूस पडतात. कधीच न करणाऱ्या कुत्र्याने सोफ्याजवळ शू करणं. आणि सगळ्यात फसवा तो गप्प झालेला कुत्रा. चपलांच्या रॅकशेजारी दाराकडे तोंड करून तासन् तास बसतो, कुणाला त्रास देत नाही, म्हणून ‘किती समजूतदार’ असं त्याचं कौतुक होतं.

पहिले पैसे डॉक्टरांना

‘आजोबा ॲडमिट झाल्यापासून जेवत नाहीये’ हे वाक्य पशुवैद्यांना वरचेवर ऐकायला मिळतं. त्यातल्या काही कुत्र्यांना खरोखर विरह असतो. काहींना मात्र गोचीड ताप असतो. आपल्याकडे, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतर, गोचिडांमधून पसरणारे एर्लिकिया आणि बबेसियाचे आजार सर्रास दिसतात. मरगळ आणि अन्नावरची वासना उडणं ही त्यांची पहिली लक्षणं हुबेहूब दुःखासारखी दिसतात. घरचे सगळे दवाखान्याच्या फेऱ्यांत असताना गोचिडीचं औषध लावायची तारीख चुकलेली असते, हेही असतंच. तसंच घरात शू करणाऱ्या कुत्र्याला मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेह असू शकतो, आणि रात्रभर येरझारा घालणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखत असू शकतात.

म्हणून पहिला खर्च तपासणीचा. खाजगी दवाखान्यात तपासणी फी साधारण ४०० ते १,००० रुपये, घरी बोलावलं तर ८०० ते २,०००. रक्ताची साधी तपासणी, म्हणजे प्लेटलेट्ससह सीबीसी आणि यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, १,२०० ते २,५०० रुपयांत होते. गोचीड तापाची किटवरची चाचणी वेगळी सांगितली तर आणखी हजार-दोन हजार. हा खर्च अंगावर येतो खरा, पण पुढे औषध सुरू करायची वेळ आली तर हाच अहवाल लागतो, त्यामुळे तो वाया जात नाही. मोठ्या कुत्र्याने सलग चोवीस तास काही खाल्लं नाही तर थांबू नका. पिल्लू असेल तर तेवढंही नाही.

हात आखडता असेल तर सरकारी आणि धर्मादाय दवाखाने जरूर बघा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय १८८३ पासून उभं आहे आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात. शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही बाह्यरुग्ण विभाग चालतो आणि तिथली फी खाजगी दवाखान्यांच्या मानाने नाममात्र असते. गैरसोय एकच, रांग. घाबरट कुत्र्याला चाळीस अनोळखी कुत्र्यांमध्ये दोन तास बसवणं हाही एक खर्चच आहे. त्यावर उपाय साधा आहे: एकाने आत नंबर लावायचा आणि दुसऱ्याने कुत्र्याला घेऊन बाहेर रिक्षात किंवा गाडीत थांबायचं.

माणूस की जागा?

इथे हिशेब मांडूनच बघू. समजा, कोथरूडमधलं चौघांचं घर आहे, आजोबांची बायपास ठरली आहे आणि दहा दिवस घराची घडी विस्कटणार आहे. कुत्रा सहा वर्षांचा, पंचवीस किलोचा, फटाक्यांना आणि अनोळखी माणसांना बिचकणारा.

बोर्डिंगला ठेवला तर रात्रीचे ८०० रुपये धरून दहा दिवसांचे ८,००० होतात. नेण्या-आणण्याच्या गाडीचे दोन वेळचे मिळून १,२००. बऱ्याच ठिकाणी केनेल कफची लस घेतलेली असल्याशिवाय कुत्रा आत घेत नाहीत, आणि ती साधारण ९०० रुपयांना पडते. एकूण १०,१०० रुपये. यात तपासणी आलेली नाही, आणि परतल्यावर दोन दिवस जुलाब झाले तर त्याचा खर्चही नाही.

आता घरीच ठेवला तर? दिवसातून दोनदा माणूस येऊन फिरवून, खायला घालून जाईल, एका फेरीचे २५० रुपये. दहा दिवसांचे ५,०००. तपासणी आणि रक्तचाचणी २,४००. औषध लागलंच तर ३०० आणि चाटायची रबरी चटई वगैरे ३००. एकूण ८,००० रुपये. रात्री घरात निदान एक जण झोपायला असणं ही यातली अट आहे. ती पाळता येत नसेल तर रात्री राहणारा सिटर ८०० ते १,५०० रुपये घेतो, आणि मग हा पर्याय बोर्डिंगच्या पुढे जातो. तरीही बिचकणाऱ्या कुत्र्यासाठी मी तोच निवडेन. घरातली माणसं आधीच गायब झालेली असताना घरही गायब करायचं, हे त्याच्या दृष्टीने फारच झालं.

ठरलेला वॉकर लावायचा असेल तर रोज एक फेरी महिना २,५०० ते ४,०००, दोन फेऱ्या ४,५०० ते ७,००० अशी मागणी असते. लहान गावात वॉकर नावाचा व्यवसायच नसतो, पण कॉलेजला जाणारा आणि कुत्र्यांची आवड असलेला एखादा मुलगा प्रत्येक गल्लीत असतो. त्याला दीड-दोन हजार द्या. ‘अरे, तू आपल्या घरचाच’ म्हणून फुकट राबवू नका. फुकट काम करणारा परीक्षा आली की येत नाही आणि त्याला बोलताही येत नाही.

या माणसाची आणि कुत्र्याची ओळख संकटाच्या आधी व्हायला हवी. ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधीच्या आठवड्यात चार-पाच फेऱ्या आपण सोबत असताना करून घ्या. हजार-बाराशे रुपये जातील. पण अनोळखी माणूस आपण नसताना किल्लीने दार उघडून आत आला, तर घाबरलेला कुत्रा चावू शकतो. फिरवताना साध्या गळपट्ट्याऐवजी छातीवरून बसणारा हार्नेस वापरायला सांगा. दचकलेला कुत्रा मान मागे ओढून गळपट्ट्यातून सहज निसटतो. हार्नेस ६०० रुपयांपासून मिळतो. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्लाही अडकवा, शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे.

बोर्डिंगशिवाय गत्यंतर नसेल तर जागा स्वतः जाऊन बघा, आणि दुपारी न सांगता जा. इन्स्टाग्रामवरच्या हिरवळीवर जाऊ नका. आत शिरल्यावर आधी वास घ्या. फिनाइलचा भपकारा आणि त्याखाली शूचा वास येत असेल तर जमीन फक्त पाहुण्यांसाठी पुसली आहे. पाण्याची भांडी बघा: तळाला बुळबुळीत हिरवट थर आहे का? कुत्रे भुंकतील, ते चालायचंच. पण भुंकणं ऐकून कुणी तिथे येतं का, हे दोन मिनिटं उभं राहून बघा. मग एकच प्रश्न विचारा: ‘रात्री इथे कोण झोपतं?’ ‘सीसीटीव्ही आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. केनेलचा दर ४०० ते ८०० असतो. घरगुती बोर्डिंगचा, म्हणजे कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये तीन-चार कुत्र्यांसोबत राहण्याचा, ६०० ते १,२००. भित्र्या कुत्र्याला शक्यतो दुसरा प्रकार मानवतो, मात्र तिथले यजमान कुत्रे मवाळ हवेत. दिवाळीत आणि मे महिन्यात दर चढतात आणि जागा आधीच भरतात. तेव्हा ठरलेलं ऑपरेशन त्या दिवसांत येत असेल तर बुकिंग आत्ताच करा.

‘गावाला पाठवू, तिकडे मोकळं अंगण आहे’ असाही एक सल्ला हमखास मिळतो. तिथे त्याच्या ओळखीचं माणूस असेल तर उत्तम. नेणार कसं हे मात्र आधी बघा. रेल्वेत कुत्रा सोबत ठेवायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर लागतो. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत एकट्याने प्रवास. बिथरलेल्या कुत्र्याला मे महिन्यात त्या पेटीत घालण्यापेक्षा टॅक्सीचे पैसे मोजलेले बरे.

गोळीला घाबरू नका, पण घरातली गोळी देऊ नका

कुत्र्याच्या भीतीवर औषधं आहेत, आणि दुकानातल्या दिखाऊ वस्तूंच्या मानाने ती स्वस्त आहेत. ढोबळमानाने दोन प्रकार. एक रोज द्यायचं, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिन. एकटेपणाच्या भीतीवर कुत्र्यांसाठी अमेरिकेत त्याला २००७ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून आज ॲडमिट आणि आज गोळी, असा त्याचा उपयोग नाही. दुसरा प्रकार प्रसंगापुरता: ट्रॅझोडोन, गॅबापेन्टिन. ही औषधं त्रासाच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी देतात. दोन्ही प्रकारांतली माणसांचीच जेनेरिक औषधं वापरली जातात आणि एक पट्टी बहुधा ५० ते १५० रुपयांच्या आसपास पडते. जनऔषधी केंद्रात विचारलंत तर आणखी कमी. चिठ्ठी मात्र पशुवैद्याचीच हवी, आणि प्रमाणही त्यांनीच ठरवायचं. पहिला डोस घरी कुणीतरी असतानाच द्या, कारण काही कुत्रे शांत होण्याऐवजी झिंगल्यासारखे वागतात.

डॉक्टरांनी ॲसिप्रोमॅझिन एकटंच लिहून दिलं तर दुसरं काही चालेल का, असं जरूर विचारा. त्याने कुत्रा निपचित पडतो, पण भीती कमी होत नाही. आजींच्या डब्यातली झोपेची अर्धी गोळी, क्रोसिन, ब्रुफेन यांतलं काहीही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरतात, आणि मग सलाइन, ॲडमिशन मिळून ते धाडस दहा-वीस हजारांना सहज पडतं. माणसांच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल नावाचा साखरेचा पर्याय असतो, तोही त्याला घातक. म्हणून चिठ्ठीवर कॅप्सूल असेल तर केमिस्टने दिलेलं सिरप घेऊ नका. भेटायला येणारे पाहुणे आणतात ते चॉकलेटचे डबे आणि मनुका-बेदाणे हेही उंचावर ठेवा.

ट्रेनर हा वेगळा विषय. दहा ते पंचवीस हजारांची पॅकेजेस या काळात कुणी विकू लागला तर नमस्कार करा. घर स्थिर नसताना शिकवणी टिकत नाही. एखादा जाणकार वर्तनतज्ज्ञ ऑनलाइन तासाभराचे १,५०० ते ३,५०० घेईल, आणि तेवढ्यात या महिन्यापुरता कार्यक्रम आखून मिळतो. ‘त्याला बॉस कोण ते दाखवा’ असं म्हणणारा, गळा आवळणारी साखळी किंवा शॉक देणारा पट्टा वापरणारा माणूस फुकटात आला तरी नको. भीतीने भुंकणाऱ्याला मार देऊन गप्प केलं की तो पुढच्या वेळी भुंकण्याचा इशारा न देता चावतो.

वस्तूंचं थोडक्यात. फेरोमोनचे प्लग, कॅमोमाइलची बिस्किटं, घट्ट जॅकेट यांबद्दलचे निष्कर्ष संमिश्र आहेत. हजारोंची खरेदी करण्याआधी जुना टी-शर्ट अंगाला बसेल असा गाठ मारून घालून बघा. आजोबांची न धुतलेली बंडी त्याच्या अंथरुणावर टाका, तिला काही पैसे पडत नाहीत. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत भाकरीचे तुकडे लपवले किंवा वाटीत दही गोठवून ठेवलं की अर्धा तास तो गुंततो. चघळायचं रबरी खेळणं चांगलं असतं, ७०० ते १,५०० रुपयांत मिळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. कॅमेरा विकत घेऊ नका. जुना मोबाइल व्हिडिओ कॉलवर लावून खुर्चीवर ठेवा, आपण गेल्यावर काय होतं ते पहिल्या वीस मिनिटांतच कळतं. तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा त्यावरून निदान लवकर होतं.

घर माणसांनी भरलं की

आजारपणाचा शेवट वाईट झाला, तर पुढचे तेरा दिवस घरात रीघ लागते. अशा वेळी कुत्रा गॅलरीत बांधला जातो, आणि येणारं प्रत्येक लहान मूल त्याला बघायला जातं. चावण्याचे प्रसंग अशाच वेळी घडतात. चावलेल्याला रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. खाजगीत घेतली तर चार-पाच डोसांचे दोन हजारांच्या घरात जातात, जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचे वेगळे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली पाळीव प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पाहुण्यांच्या बाबतीत कुणी तिथवर जात नाही, पण नात्यात कायमचा कडवटपणा येतो. तेव्हा रेबीजच्या लसीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना चालू आहे ना, हे बघून ठेवा.

या तेरा दिवसांत गॅलरी नकोच. आतली एक खोली त्याची, दाराला कडी, आत पंखा, पाणी आणि रेडिओ. त्या खोलीत जाणारं माणूस एकच, शक्यतो घरातलं थोरलं पोर. त्यालाही या दिवसांत काहीतरी करायला हवंच असतं. इतकं करूनही जमत नसेल तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात असं डे-केअर ४०० ते ७०० रुपयांत मिळतं आणि रात्री तो घरी परत येतो. बोर्डिंगपेक्षा मला हा मधला मार्ग बरा वाटतो.

लग्नघर त्या मानाने सोपं. तारीख महिनोन् महिने आधी ठरलेली असते, आणि खर्चाच्या यादीत पाच हजारांची एक ओळ वाढवायला कुणाची हरकत नसते. घर बदलणं अवघड. पुनर्विकासासाठी भाड्याच्या घरात जाताना करारनाम्यात कुत्र्याचा उल्लेख करून घ्या, नाहीतर निघताना अनामतीतून ‘दारावरचे ओरखडे’ कापले जातात. नव्या सोसायटीने कुत्रा चालणार नाही म्हटलं, तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत दाखवा. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यांत आहे. सामान हलवायच्या दिवशी त्याला डे-केअरला ठेवा. पॅकर्सच्या उघड्या दारातून कुत्रे पळतात.

आजोबा घरी आले की खर्च लगेच थांबवायचा मोह होतो. रोजची गोळी चालू असेल तर ती एकदम बंद करायची नसते. डॉक्टर काही आठवड्यांत प्रमाण उतरवत आणतात, तेवढ्या पट्ट्यांचे पैसे धरून ठेवा. टाके असेपर्यंत आनंदाने उडी मारणारा पंचवीस किलोचा कुत्रा छातीवर येणं परवडणारं नाही, त्यामुळे पहिले पंधरा दिवस भेट हार्नेस घालूनच, आणि आजोबा खुर्चीत बसलेले असताना. वॉकरच्या दोन फेऱ्यांची एक करा, आणि ती निदान महिनाभर राहू द्या. बहुतेक वॉकर महिन्याचे पैसे आगाऊ घेतात. मध्येच बंद केलं तर उरलेल्या दिवसांचे परत मिळणार का, हे ठरवतानाच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.